महादेवाची गाडी

मुलुंडच्या परबांकडे हॉलच्या कोपऱ्यात एक रुंद, बुटका ओटा होता. त्यावर वनमालाबाईंच्या माहेरची दगडी पिंड. घरात सपाट मोकळी जागा म्हणाल तर तेवढीच, आणि निवृत्त झाल्यापासून दशरथ परबांचा डोळा तिच्यावरच होता. खेळातल्या आगगाडीचं तळहाताएवढं इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे कित्येक वर्षं माळ्यावर पडून होते, ते त्यांनी खाली काढले.

"अहो, सोमवारी आपल्याकडे कीर्तन आहे," वनमालाबाईंनी बजावलं. "तोवर देवाला शोभेल असं जमवा. नाहीतर गाडी परत माळ्यावर. कायमची!"

परबांनी पिंडीभोवती झकास लंबगोल जोडला आणि गाडी सोडली.

"थांबवा, थांबवा! महादेवाची प्रदक्षिणा कोणी पुरी घालतं का? तीर्थ वाहतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं नि आल्या पावली मागे फिरायचं."

"अगं, गाडीला कुठली पावलं?"

"मग तिला माळाच बरा."

परबांनी पन्हळीच्या अलीकडे रूळ तोडले. गाडी जाताना छान गेली. पण परतताना इंजिन डबे मागून ढकलू लागलं, आणि वळणावर एका डब्याची कडी दुसऱ्याच्या आकड्यावर चढली. डबा कलंडून थेट पिंडीवरच्या बेलात.

"वाहिलात? आता नैवेद्य दाखवा," वनमालाबाई म्हणाल्या.

"पन्हळीवरून छोटा पूल टाकू का?"

"म्हणजे वरून ओलांडायचं! बुवांना विचारू का भर कीर्तनात?"

परब डोकं धरून बसले. बेलाची पानं सारखी करता करता वनमालाबाई सहज बोलून गेल्या, "गावी जाताना नाही का, त्या एका स्टेशनात इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे. तुम्ही चहाला उतरायचात आणि इथे माझा जीव टांगणीला."

परब ताडकन उठले. खडूने ओट्यावर रेघा पडू लागल्या. डब्यांच्या शेजारून दुसरा रूळ, दोन्हीकडे रूळ बदलायचे सांधे. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणाची पट्टी रुळांच्या मधे बसवली, की तिच्यावरून जाताना आकडा उचलला जाईल आणि इंजिन सुटेल. मग ते शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला येऊन डबे ओढत नेईल. ढकलणं नाही, चढाचढी नाही. इंजिनाला पुढे सरकायला जागा हवी, म्हणून एक डबा त्यांनी बाजूला काढला.

मग अचानक रेघा पुसायला लागले.

"का हो?"

"शेजारचा रूळ बरोबर समईवर येतोय. जाऊ दे. राहिलं."

वनमालाबाईंनी पदर खोचून समई उचलली आणि पिंडीच्या दुसऱ्या अंगाला ठेवली.

"ज्योत इथून तिथे गेली म्हणून देव रुसत नाही. काढा रेघा."

रविवारी संध्याकाळी इंजिन पन्हळीपाशी थांबलं, सुटलं, वळसा घालून मागे येऊन जोडलं गेलं. दोन्ही डबे डुलत परतले.

"बघलंस गो?" परबांच्या तोंडून मालवणीच निघाली.

"बघलं. उद्या आरती झाल्यावर चालवा हं. नामगजरात सोडलीत, तर मंडळी बुवांकडे ढुंकून बघायची नाहीत."

"आणि परवापासून?"

"परवापासून पूजेनंतरची पहिली फेरी माझी. बटण इकडे द्या, शिकवा."

परब त्यांच्याजवळ सरकून बसले.