अकोल्याच्या कचेरीतला पुकारा

मुलांनो, डोळे मिटा आणि बघा. वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेला आहे. अकोल्याची कचेरी, वैशाखातली भर दुपार. ओसरीवर दुसरं चिटपाखरू नाही. दारावर वाळ्याचा ओला पडदा, आणि खांबाला टेकून बसलेली दहा वर्षांची शकुन, शेजारी तिचा बाप भगवंत.

भगवंत जठारपेठेत झेंडूची फुलं विकायचा. बाजारात भांडण झालं, त्यानं एक थप्पड मारली. लाठ्या चालवणारे ताकीद मिळून सुटले आणि त्याला झाले सहा महिने. आज अपील होतं. साहेबांनी ऐकून घेतलं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी तुरुंग.

“भगवंत वल्द शेषराव, हाजिर हो!”

आवाज पडद्याआडून आला. भगवंत उठलाच नाही. पांढराफटक पडला.

“बाबा, तुमाले बोलावून राहिले ना!”

“चूप! हा माह्या भावाचा, नामाचा आवाज हाय.”

नामाकाकाला जाऊन तीन वर्षं झाली होती. मळ्यात कुणीतरी एकदाच हाक मारली, त्यानं ओ दिली आणि आठवड्यात तो गेला. तेव्हापासून घरात नेम होता. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. भूत तिसऱ्यांदा हाक मारत नाही.

दुसरी हाक आली. पडदा हललासुद्धा नाही. मग सगळं चिडीचूप.

शकुन वाट बघत राहिली. तिसरी हाक आलीच नाही.

“काकानं तुमाले कवा दगा देला काय?” असं म्हणून ती उठली आणि आत शिरली.

आत गारवा, अंधूक उजेड. कारकून वाचत होता, “तीनदा पुकारा केला. अपीलदार गैरहजर.” साहेबांनी सहीसाठी टाक उचललेला.

“दोनदाच झाला!” शकुन ओरडली.

साहेबांनी पुकारा करणाऱ्या चपराशाकडे पाहिलं. म्हातारा माठापाशी उभा होता.

“हुजूर, म्या तं पाणी पिऊन राहिलो होतो. म्या अजून पुकारलंच नाई. पण... आवाज म्याबी आयकला.”

कारकुनानं मान खाली घातली. पुकारा होण्याआधीच तो रोज ती ओळ लिहून ठेवायचा.

साहेबांनी टाक खाली ठेवला. “माणसाचं ऐकल्याशिवाय मी निकाल देणार नाही. पुकारा करा.”

चपराशी पडद्याकडे बघत मागे सरकला.

शकुननं पडदा सारला, दारात उभी राहिली आणि बापाचं पूर्ण नाव घेऊन खणखणीत हाक मारली. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा.