हलू नका, झालंच

ज्या खेळावरून ताईनं धाकट्या भावाशी उभा दावा मांडला, त्याच खेळाच्या किनाऱ्यावर आज ती स्वतः उभी होती. अंगावर चिंधी, हातात दगड. "खेळून पोट भरणार आहे का?" म्हणत तिनं एकदा त्याच्या संगणकाची वायर उपटली होती. तो घर सोडून गेला आणि नंबरही बदलून बसला. आता उद्या सकाळी आईचं ऑपरेशन होतं आणि आईचं एकच पालुपद चाललं होतं, बारक्याचा आवाज ऐकवा.

बारक्या राहतो कुठं हे त्याच्या जुन्या मित्राला, संगणक दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पण तो रोज दुपारी सापडतो कुठं ते ठाऊक होतं. खेळातल्या या बेटावर, टेकडीवरच्या लाकडी किल्ल्यात.

"मेसेज तो कुणाचेच वाचत नाही," दुरुस्तीवाला म्हणाला. "आणि इथं जवळ गेल्याशिवाय आवाज पोचत नाही. दारापर्यंत जावं लागेल. तिथं दिसेल त्याला तो गोळी घालतो."

"मग तूच जा ना."

"मी जाऊन काय सांगू? भांडण तुमचं आहे, ताई."

दुकानाच्या मागच्या खोलीत, सुटे पंखे आणि वायरींच्या पसाऱ्यात, ताई सकाळपासून मरत होती. कधी थंडीनं, कधी रानडुकरानं, एकदा तर कच्चं मांस खाऊन. हे शेवटचं मरण तिच्यासारख्या नर्सबाईंना मुळीच शोभणारं नव्हतं. मरून पुन्हा किनाऱ्यावर आली की पहिल्यापासून सुरुवात. आधी लाकूड, मग शेकोटी, आणि माणूस दिसला की झुडूप, एवढं मात्र ती शिकली.

किल्ला दिसला तेव्हा खेळातलं ऊन कललं होतं. ती गवतातून सरपटत निघाली. फाटकापाशी एक माणूस जखमी होऊन पडला होता.

"कुणी आहे का? उचला मला," तो कण्हत होता.

"सोडा त्याला," दुरुस्तीवाला कुजबुजला. "उठला की तुमच्यावरच उलटेल. आणि उचलायचं म्हणजे तो उठेपर्यंत कळ दाबून धरावी लागते, तेवढा वेळ तुम्ही उघड्यावर."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ताईची तर इतक्यांदा मरूनही गेली नव्हती. ती त्या माणसाशेजारी बसली, कळ दाबून धरली, आणि ड्रेसिंगच्या खोलीत रोज म्हणायचं तेच तोंडून निघून गेलं.

"हलू नका. झालंच."

माणूस उठला आणि त्यानं पहिला घाव तिच्यावरच घातला. ती कोसळली. तेवढ्यात तटावरून गोळी सुटली आणि तो तिच्याशेजारी आडवा झाला. दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारला.

पडदा लाल होत चालला. फाटक करकरलं. मुखवटा घातलेला एक जण तिच्यासमोर येऊन उभा राहिला, बंदूक तिच्यावर रोखून. गोळी मात्र त्यानं घातली नाही.

ताईला भीती वाटली. एक शब्द चुकला तर हा खेळ बंद करून निघून जाईल, आणि आई उद्या तशीच आत जाईल.

"बारक्या, मी आहे."

"कळलं मगाशीच. लहानपणी माझे गुडघे पुसताना हेच म्हणायचीस." त्याचा आवाज जाड झाला होता. "तू इथवर आलीस म्हणजे... आईला काय झालंय?"

"उद्या ऑपरेशन आहे. तुझा आवाज ऐकायचाय तिला."

पडद्याच्या कडा काळ्या पडू लागल्या.

"ती वायर मी उपटायला नको होती," ताई म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं मला. बोलले नाही."

काळोख पडद्याच्या मध्यापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मुखवटेवाला तिच्याशेजारी गुडघे टेकून बसला होता.

"आईला फोन लाव. इथंच स्पीकरवर धर."

ताईनं फोनकडे हात नेला. घाईत नंबर चुकला. "थांब, पुन्हा लावते," ती म्हणाली.

"घाई नाही, मी कळ धरलीये," बारक्या म्हणाला. "हलू नकोस, ताई. झालंच."