क्यूमधल्या दोन जागा

दुपारपासून चिकटरावाचा पाय टेबलाखाली एकसारखा हलत होता. समोर गिऱ्हाईक बसलेलं आणि याचे डोळे संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात. विमानाच्या तिकिटांच्या त्या एजन्सीत हे टोपणनाव त्याला मालकीणबाईंनीच ठेवलं होतं, कारण एकदा धरलेली जागा हा गडी सोडत नसे.

सध्या धरलेल्या दोन जागा त्याच्या स्वतःच्या घरच्या होत्या. बायको चार दिवसांसाठी म्हणून लेकीला, चिमीला, घेऊन दूरच्या शहरात बहिणीकडे गेली आणि तिथेच राहिली. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. घर बदलायचं का, तिने नोकरी धरायची का, चिमीची शाळा कोणती, काहीही विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "बघू." त्या बघूला ती विटली होती. आता तिकडच्या शाळेने चिमीला जागा देऊ केली होती आणि उद्या सकाळी हो की नाही ते कळवायचं होतं. हो म्हटलं की संपलंच सगळं, एवढं त्यालाही कळत होतं.

याने काय केलं, तर परतीच्या विमानात दोघींच्या नावाने जागा धरल्या. तिकीट न काढता धरलेली जागा संध्याकाळी आपोआप सुटते. म्हणून हा रोज त्याआधी ती स्वतःच सोडायचा आणि लगेच पुन्हा धरायचा. मग बायकोला फोन करून सांगायचा, "जागा आहे बरं का." ती "बरं" म्हणायची. आपण केवढं करतोय या समाधानात स्वारी जेवायला बसायची. शहाणाच म्हणायचा!

आज मात्र मालकीणबाईंनी त्याला आत बोलावून झापलं. हा धरसोडीचा खेळ विमान कंपनीच्या नजरेला आला होता आणि पुन्हा दिसला तर एजन्सीचं बुकिंगच बंद करू, अशी तंबी आली होती. तिकीट काढ नाहीतर जागा सोड, एवढं बोलून त्यांनी त्याला बाहेर पाठवलं.

तो खुर्चीत येऊन बसला, उठला, पाणी प्यायला, परत बसला. शेवटचं एकदाच, असं मनाशी म्हणत त्याने जागा सोडल्या आणि पडद्यावर विमानाची ओळ पुन्हा उघडली.

त्या ओळीत नुसती अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे असतात. अक्षर म्हणजे भाड्याचा वर्ग. खुर्ची तीच, मागची रांगही तीच, फक्त दर वेगळा. आकडा म्हणजे त्या दरात अजून किती तिकिटं विकणार ते. नऊ म्हणजे नऊ किंवा जास्त, शून्य म्हणजे दार बंद. वाय हा पूर्ण भाड्याचा वर्ग, तिथे नऊ. खाली उतरत शेवटी स्वस्तातला क्यू. क्यूपुढे रोज दोन यायचे.

आज एक आला. मधल्या मधे कोणीतरी एक उचलली होती. येणार दोघी आणि जागा एक! त्याने ओळ पुन्हा उघडली, पुन्हा उघडली, आकडा हलेना. मग शून्य झाला. गिऱ्हाइकाला बसा म्हणून तो फोन घेऊन जिन्यात गेला.

बायकोने फोन घेतला तेव्हा त्याला एवढंच बोलता आलं, "जागा गेल्या."

"कुठल्या जागा?"

"तुमच्या. मी धरल्या होत्या त्या."

ती म्हणाली, "इतके दिवस तू मला जागा आहे, जागा आहे सांगतोयस. ये असं एकदा तरी म्हणालास?"

तो जिन्याच्या कठड्याला टेकला. खरंच म्हणाला नव्हता. जागा धरली म्हणजे बोलावलंच, असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःचा राग आला आणि रडूही आलं.

"ये," तो म्हणाला. "मला तुम्ही दोघी घरी हव्या आहात. शाळेचं, घराचं, तुझ्या नोकरीचं, सगळं तू आल्याबरोबर बसून ठरवू. बघू म्हणणार नाही."

"आणि येऊ कशी? जागा गेल्या ना?"

"स्वस्तातल्या गेल्या. वायमध्ये आहेत."

"मला विचार करायला हवा," ती म्हणाली. "तोवर धरून ठेव."

"नाही," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून हा शब्द आला याचं त्यालाच नवल वाटलं. "धरून नाही ठेवणार, तिकीटच काढतो. नाही आलीस तर बुडू दे."

तो फोन कानाला लावूनच आत आला, समोरच्या गिऱ्हाइकाची त्याने माफी मागितली आणि दोघींची नावं घालून वायमधली दोन तिकिटं काढली. काढली म्हणून तिला सांगितलंही. तिने फोन ठेवला की काय म्हणून त्याने तो कानाला आणखी दाबला.

मग तिचा आवाज आला, पण ती त्याच्याशी बोलत नव्हती.

"चिमे," ती म्हणत होती, "बाहेरच्या चपला आत आण. बॅगेत भरायच्यात."