लाल ठिपका जाण्यापुरतं

आत्यानं ब्लॉगवर फोटो चढवला आणि त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका उगवला. दर बुधवारी उगवायचा. खालच्या चौकटीत फोटोचं वर्णन लिहिल्याशिवाय तो जायचा नाही आणि तो गेल्याशिवाय लेख पुढे सरकायचा नाही. "आला मेला," आत्या पुटपुटली आणि तिनं खुर्ची कॉम्प्युटरच्या पडद्याच्या आणखी जवळ ओढली.

पुढच्या काउंटरवरून भाचीनं आवाज दिला, "आत्या, आज शेवटचाच ना? लिही चार ओळी आणि मोकळी हो!"

"चार ओळींत कुणी निरोप घेतं का गं?"

"हल्ली एका ओळीत घेतात."

कपडे धुऊन, इस्त्री करून देण्याचं हे दुकान भाचीचं. मागच्या खोलीत, खिडकीला लागून, आत्याचं रफूचं टेबल. कसरीनं खाल्लेला कोट, सिगारेटनं जळालेली पॅन्ट, खिळ्याला अडकून फाटलेला स्वेटर, जे काही भोक पडून येई ते आत्या असं भरून देई की गिऱ्हाईक कापड उलटंपालटं करून विचारी, "पण होतं कुठं?" एवढं कुणी विचारलं की तिला दिवसभर पुरायचं.

त्या कामावर ती नऊ वर्षं ब्लॉग लिहीत होती. आठवड्याला एक लेख आणि त्यात तीन फोटो: भोक, अर्धवट काम, पुरं झालेलं काम. ब्लॉगविषयी तिची मतं ठाम होती आणि ती कुणी विचारायची वाट बघत बसत नसत. लेख ठरल्या वारी, ठरल्या वेळी यायला हवा. मथळ्यात आकडा नको. 'रफूच्या सात भन्नाट युक्त्या' असलं काही दिसलं की तिचं पित्त खवळायचं. वाचत बसलेल्या माणसाच्या तोंडावर मध्येच चौकट उघडून 'सभासद व्हा' म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं. अक्षर मोठं, मागची पाटी पांढरी, आणि उद्गारचिन्ह वर्षातून एकदा, तेही फार झालं. बुटांच्या जाहिराती यायला लागल्यावर प्रतिक्रियांचा रकानाही तिनं बंद करून टाकला होता.

भाचीचं म्हणणं वेगळं. "ब्लॉग आता कोण वाचतं, आत्या? लोक अंगठ्यानं वर सरकवत बसतात. वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकू. भोक बुजताना दाखवायचं आणि वर एक गाणं लावायचं."

"भोकावर गाणं?" आत्यानं कपाळाला हात लावला होता.

पण या वेळी तिनं वाद घातला नव्हता. "कंटाळा आला मला. बंद करू ब्लॉग," असं तीच म्हणाली. भाची हरखली. सगळे फोटो तिनं दोन दिवसांत नव्या जागी, फोटो आणि व्हिडिओ टाकायच्या तिच्या आवडत्या साइटवर हलवले. "चौदाशे फोटो आले बघ. खालची वर्णनं तेवढी येत नाहीत तिकडे. चालेल ना?"

"चालेल, चालेल," आत्या घाईघाईनं म्हणाली होती. उलट तिचा जीव भांड्यात पडला होता.

त्या वर्णनांची गोष्ट अशी. पहिल्या लेखाच्या वेळी हा ठिपका बघून आत्या वैतागली. फोटो समोर आहे, मग त्याचं वर्णन कशाला? तिनं पहिल्या फोटोखाली लिहिलं, 'भोक'. ठिपका गेला. शेवटच्या फोटोखाली लिहिलं, 'भोक नाही'. तोही गेला. प्रसिद्ध झालेल्या लेखात हे शब्द कुठंच दिसत नव्हते. म्हणजे अर्जात असतो तसला, भरायचा म्हणून भरायचा रकाना, असा तिनं निष्कर्ष काढला. यंत्राला पान भरलेलं हवं, बाकी काही नको.

आणि मग तिला तो रकाना हळूहळू आवडायला लागला. लेखात ती सुईचा नंबर, धाग्याची जाडी असलं नेमकं तेवढं लिहायची. रकान्यात मात्र ती बोलू लागली. जळालेल्या भोकाची कड बोटाला टोचते आणि कसरीनं खाल्लेली मऊ लागते, हे तिथं लिहिलं. या कोटाचा मालक भांडकुदळ आहे पण खिशात नातीनं काढलेली चित्रं ठेवतो, हे तिथं लिहिलं. आणि दोन वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याच्या मधोमध डाग आला, तेही तिथंच. ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जातं, कडेचं तेवढं राहतं. डॉक्टर म्हणाले, सावकाश वाढेल, गेलेलं परत येणार नाही. आता उजव्यातही सुरू झालं होतं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, डॉक्टरांना आणि त्या चौकटीला.

गेल्या महिन्यात तिनं काळ्या पॅन्टमध्ये निळा धागा भरला. गिऱ्हाईक पॅन्ट काउंटरवर आपटून गेलं. "होतं गं एखाद्या वेळी," म्हणत भाची हसली. तेव्हापासून काळा कपडा आला की ती काहीतरी निमित्त काढून परत पाठवी. आणखी एकदा चूक झाली की भाची प्रेमानं, गळ्यात पडून, तिला घरी बसवणार. 'आता आराम कर' म्हणणार. बेचाळीस वर्षं जे बोटांनी केलं त्यातून आराम कसला करायचा? त्यापेक्षा उरलेली नजर पडद्यावर न घालवता सुईवर घालवावी, आणि निभेल तितके दिवस मूग गिळून बसावं, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं चौकटीत कर्सर नेला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'राखाडी स्वेटर, उजवं कोपर. भरलं. पण हे मी बघून केलेलं नाही. काळं तर मला आता जमतच नाही. भाचीला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. इथं कुणी नाही म्हणून सांगते.'

ठिपका गेला. तिनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर बंद केला.

शुक्रवारी सकाळी एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, अंगावर वकिलाचा काळा कोट, हातात पांढरी काठी. काठीचं टोक काउंटरला लागलं तशा थांबल्या.

"रफू करणाऱ्या आत्या इथंच बसतात ना? मी वकील आहे. घाबरू नका, आज स्वतःसाठी भांडायला आले आहे."

भाचीनं हाक मारली. आत्या हात पुसत बाहेर आली.

"तुमचा ब्लॉग मी सहा वर्षं वाचते," वकीलबाई आवाजाच्या दिशेला वळून म्हणाल्या. "म्हणजे ऐकते. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो."

"अगंबाई! पण माझ्याकडे तर निम्मे फोटोच."

"तेच तर! फोटो आला की फोन त्याचं वर्णन वाचतो. आमच्यासाठीच असतं ते. बाकीचे लोक काय लिहितात ठाऊक आहे? 'चित्र एक, चित्र दोन'. आणि तुम्ही! राग मानू नका आत्या, लेख तुमचे कोरडेच असतात. मी वर्णनांसाठी येते."

आत्यानं काउंटरची कड धरली. "ती... ऐकू येतात?"

"शब्द न् शब्द."

नऊ वर्षं आपण रिकाम्या खोलीत बोलतोय असं धरून चाललो आणि खोलीत कुणी तरी हनुवटी हातावर टेकून बसलेलं होतं. लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण क्षणभरच. मग तिच्या छातीत काहीतरी भलतंच मोठं भरून आलं आणि तिला खाली बसावंसं वाटलं.

"आता भांडण," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या नव्या जागी मी जाऊन आले. तिथं फोन नुसता म्हणतो, फोटो, फोटो, फोटो. दहा मिनिटं ऐकलं. माझ्यापुरतं तुम्ही दुकान रिकामं केलंत." त्यांनी अंगातला कोट काढून काउंटरवर पसरला. "बरं, हे बघा. डाव्या खिशाच्या वर कसरीनं खाल्लं होतं. नखाएवढं. शोधा."

"कुणी भरलंय?"

"आधी शोधा तर!"

काळा कोट. आत्यानं तो डोळ्यांपाशी नेला नाही, नेऊन उपयोगच नव्हता. तिनं बोटं ठेवली. खिशाच्या वरून, खालून, आडवी, तिरकी. गाठ नाही, उंचवटा नाही, धागा ओढलेला नाही. तिनं दुसरा हात आत घातला आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये कापड धरून सरकवत नेलं. सगळीकडे सारखंच जाड. बेचाळीस वर्षांत दुसऱ्याचं रफू तिच्या बोटांतून कधी सुटलं नव्हतं.

"दे इकडे," म्हणत भाचीनं कोट दारातल्या उजेडात नेला. उलटा केला, सुलटा केला, नाकाला लावला. "आत्या, मला तर काहीच दिसत नाही. तूच केलंयस ना हे?"

"नाही गं. मला हे आता..." आत्या थांबली. "कुणाचं काम आहे, बाई?"

"माझं."

भाचीनं कोट पुन्हा काउंटरवर आणून ठेवला.

"तुमच्याकडूनच शिकले. दिसणाऱ्यांसाठी फोटो होते, माझ्यासाठी तुमची बोटं होती. सुईचं टोक धाग्यावर टेकवून मोजायचं, एकाच्या वरून, एकाच्या खालून. कापड ओढायला लागलं की थांबायचं. हे फोटोत कुठं दिसतं? एक मात्र माझं स्वतःचं, धागा बाहेरचा घ्यायचाच नाही, आतल्या शिवणीतली जास्तीची पट्टी असते, तिच्यातूनच उपसायचा. मग रंग चुकायचा प्रश्नच नाही." वकीलबाई हसल्या. "तीन जुन्या पॅन्ट वाया घालवल्या. चार महिने लागले. मला एक सोय होती म्हणा, काळ्यावर काळं अवघड असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही सांगितलंत ते परवाच्या बुधवारी."

आत्यानं तोंडावर हात घेतला. पुन्हा कोटावर बोटं फिरवली. आपण ज्या कामापुढे हात टेकले ते या बाईनं एकदाही न बघता केलं होतं आणि कोर्टात घालून मिरवलं होतं. बघितल्याशिवाय. आत्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि ते तिनं पुसलंही नाही.

"असं काय आहे त्या वर्णनांत?" भाचीनं विचारलं. "मी तर ती वाचलीच नाहीत कधी. ऐकवा ना एखादं. परवाचंच ऐकवा."

वकीलबाईंनी फोन काढला, पण तळव्याखाली झाकून धरला. "त्यांनी हो म्हटलं तर," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर नाही."

आत्या कोटाकडे बघत होती. म्हणजे कोट जिथं असायला हवा तिथं. मधला तुकडा पुसलेलाच होता.

"लाव," ती म्हणाली.

फोनमधला आवाज बाईचा होता, सपाट, घाईचा, कशातच न अडखळणारा. राखाडी स्वेटर उजवं कोपर भरलं, पण हे मी बघून केलेलं नाही. त्यानं पुढचंही त्याच चालीत वाचलं. भाचीचं नाव नव्हतं, नातं होतं, तेवढं पुरलं. इथं कुणी नाही म्हणून सांगते, असं म्हणून आवाज थांबला.

भाची काउंटरवरचा कोट घडी करायला लागली. मग तो इस्त्रीला आलेला नाही हे लक्षात येऊन तिनं तो पुन्हा उलगडला.

"ती काळी पॅन्ट, निळ्या धाग्याची," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी हसले."

भाचीनं नाक ओढलं, मनगटानं डोळे पुसले आणि वकीलबाईंना म्हणाली, "ब्लॉग बंद होत नाहीये. फोटो परत नेते मी. एवढी कशी मी..."

दार उघडलं. हॉटेलात वाढपी असलेला एक माणूस हातावर जाकीट टाकून आला. कामावर घालायचं, काळंकुट्ट, कोपराला पैशाएवढं भोक. "भरून मिळेल का हो? तुम्ही काळं घेत नाही असं कानावर आलंय."

भाची आत्याकडे बघत राहिली. वाढप्यानं एकदा खाकरून पाहिलं.

"घेतो की," भाची म्हणाली आणि तिनं पावतीपुस्तक पुढे ओढलं. "आत्या, कधी देऊ म्हणून लिहू?"

आत्यानं जाकीट घेतलं. सगळ्यांदेखत डोळे मिटले, आतली शिवण चाचपली, आणि भोकाच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

"चार दिवस," ती म्हणाली.

भाचीनं लिहिलं.