बुडबुडेबाईंची शिफारस

बुडबुडेबाईंना हल्ली राग यायला कारण लागत नसे. पण त्या दिवशी कारण होतं, आणि चांगलं भक्कम होतं. धाकट्या बहिणीने लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाली, "ताई, आता साहेबांकडे शिफारस माग."

"कुठल्या साहेबांकडे?"

"तुला असे किती साहेब होते?"

साहेब एकच. गॅसचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात बाई एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या, त्यातली शेवटची नऊ या साहेबांच्या हाताखाली. रेग्युलेटरमध्ये हवा भरायची, तो पाण्यात बुडवायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. बुडबुडा आला की नग गळका. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा बाईंच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कारखान्याने त्यांचं हे नाव पाडलं, आणि ते घरापर्यंत येऊन चिकटलं. संध्याकाळी दिवसाचा तक्ता भरून त्या साहेबांच्या ट्रेमध्ये ठेवत. साहेब त्यावर सही करत आणि शिक्का मारत. वाचत मात्र नसत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पेन, आणि मान खिडकीकडे. एकदा कुणीतरी पैज लावून तक्त्यांच्या गठ्ठ्यात कँटीनची यादी सरकवली होती, तीही सही होऊन 'पास'चा शिक्का घेऊन परत आली. लोक पोट धरधरून हसले. बाईही हसल्या.

मग एका मंगळवारी बाईंनी तक्त्यात लिहिलं: तपासलेले नग तीनशे चाळीस, गळके एक्केचाळीस. साहेबांनी सही केली, शिक्का मारला. गोदामातले लोक फक्त शिक्का बघत, त्यांनी सगळा माल पाठवून दिला. दीड महिन्याने त्यातल्या एका रेग्युलेटरने कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भडका घेतला आणि एका बाईचे दोन्ही हात भाजले. चौकशी बसली. साहेब म्हणाले, "एवढी मोठी गोष्ट होती, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. चौकशीवाल्यांनी माना डोलावल्या आणि बाईंना घरी बसवलं. साहेबांनाही जावं लागलं, पण त्यांना फुलांचा गुच्छ देऊन निरोप मिळाला.

या गोष्टीला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत बाईंनी घरातली एकूण एक गळकी तोटी दुरुस्त केली होती, नवऱ्याशी चार वेळा अबोला धरला होता आणि अठ्ठावीस ठिकाणी अर्ज केले होते. एकोणतिसाव्या ठिकाणी दार किलकिलं झालं. पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना होता, तपासणी विभागाची प्रमुख हवी होती. तिथल्या निवृत्तीला आलेल्या म्हाताऱ्या तपासणीप्रमुखांनी बाईंच्या हातात हवा भरलेला एक व्हॉल्व्ह दिला, बाईंनी तो नुसता कानाशी धरून गळतो कुठे ते सांगितलं. म्हातारे खूश झाले. राहता राहिली एकच अट. नोकरीवाल्यांच्या त्या साइटवर, बाईंच्या नावाखाली, आधीच्या वरिष्ठाने लिहिलेली शिफारस दिसली पाहिजे. त्याशिवाय कागद पुढे सरकत नाही.

धाकटी लोकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या ऑफिसातच कामाला होती, तिला त्या साइटचे सगळे आडरस्ते पाठ. बाईंचं प्रोफाइल तिनेच बनवलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'गुणवत्तेचा अखंड ध्यास'.

"मी कधी ध्यास घेतला? मी बुडबुडे बघत होते."

"बुडबुडे कुणी शोधत नाही, ताई. माणसं घेणारे लोक ठरावीक शब्द टाकून शोधतात. गुणवत्ता, सुरक्षा, नेतृत्व. ते शब्द नसले तर त्यांच्या लेखी तू जन्मालाच आलेली नाहीस. आणि फोटोसाठी जरा हस."

"कशाला?"

"रागावलेल्या माणसाला कोण नोकरी देतं?"

बाई हसल्या. दाढ दुखत असताना पाहुण्यांपुढे हसावं तसा फोटो आला.

तर आता साहेब. बाईंनी त्यांचं पान उघडलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर सुटाबुटातला फोटो, खाली 'सुरक्षितता हाच माझा धर्म', आणि त्याखाली गेल्या आठवड्यातलं प्रवचन: खरा नेता तो, जो आधी ऐकतो. दोनशे लोकांनी त्यावर अंगठे उचलले होते.

"मी या माणसापुढे हात पसरणार नाही," बाई म्हणाल्या.

"अडला हरी, गाढवाचे पाय धरी. धर आणि मोकळी हो. नोकरी मिळाल्यावर हव्या तेवढ्या शिव्या घाल."

धाकटीनेच निरोप लिहून पाठवला. साहेबांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. 'अवश्य. मात्र आधी तुम्ही माझ्याविषयी लिहा, मग मी तुमच्याविषयी लिहितो. सचोटी आणि बारकाई हे दोन शब्द आले तर उत्तम. मीही नव्या संधीच्या शोधात आहे.'

बारकाई. बाईंनी तो शब्द दोनदा वाचला. धाकटीने तोवर चार गुळगुळीत ओळी लिहूनही टाकल्या होत्या, पण तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती गॅलरीत गेली. बाईंनी त्या चारही ओळी पुसल्या आणि एका बोटाने स्वतः लिहायला बसल्या.

'मी या साहेबांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलं. नऊ वर्षांत त्यांनी माझा एकही तक्ता वाचला नाही. न वाचता सही करण्यात त्यांची सचोटी अशी की एकही दिवस खाडा नाही. एका मंगळवारी मी एक्केचाळीस नग गळके असल्याचं लिहिलं. साहेबांनी ते पास केले. त्यातल्या एका नगाने एका बाईचे हात भाजले. नंतर साहेबांनी मला विचारलं, तोंडाने का नाही सांगितलं. त्यांची बारकाई ही एवढी.'

हे छापून येणार नाही हे बाईंना पक्कं माहीत होतं. ज्याची शिफारस त्याने ती वाचून स्वीकारायची, मगच ती लोकांना दिसायची, अशी त्या साइटची रीत. साहेब वाचतील, भडकतील, नकार देतील. व्हॉल्व्हच्या नोकरीवरही पाणी पडेल. पडू दे. जन्मात एकदा तरी या माणसाने बाईंनी लिहिलेलं वाचायलाच हवं होतं. बाईंनी बटण दाबलं.

चार मिनिटांनी साहेबांनी शिफारस स्वीकारली.

नुसती स्वीकारली नाही, आपल्या पानावर सगळ्यात वर लावली. 'माझ्या सहकाऱ्यांचं हे प्रेम पाहून ऊर भरून आला.' आणि बोलल्याप्रमाणे बाईंचीही शिफारस पाठवून दिली: 'अत्यंत कष्टाळू व्यक्ती. विक्रीचं उद्दिष्ट त्यांनी दरवेळी मुदतीआधी गाठलं.' बाईंनी आयुष्यात कुणाला साधी टाचणी विकली नव्हती. धाकटी फोन संपवून आत आली, तिने दोन्ही वाचलं आणि हसता हसता जमिनीवर बसली.

बाई हसल्या नाहीत. चहाच्या वेळेपर्यंत साहेबांच्या त्या शिफारशीखाली सत्तर जणांनी हात जोडले होते. 'अभिनंदन सर.' 'तुम्ही याला पात्र आहात.' चौकशीच्या दिवशी मान डोलावणाऱ्यांपैकी एकानेही पुष्पगुच्छ चिकटवला होता. म्हणजे साहेब एकटे नव्हते. सगळी दुनियाच मान खिडकीकडे करून सह्या करत बसली होती. बाईंचं डोकं असं भणभणलं की त्यांनी जाऊन तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या कारखान्याच्या ऑफिसातून निरोप आला की शिफारस मिळाली, समाधानकारक आहे, सोमवारी सकाळी आठला हजर व्हावं. ऑफिसातल्या कुणी ती उघडूनही पाहिली नसणार.

"झालं की नाही काम?" धाकटी म्हणाली. "आता ते लिहिलेलं काढून टाक, कुणी वाचायच्या आत."

पण गुरुवारी ते कुणीतरी वाचलं. हात जोडणाऱ्यांच्या रांगेत, सगळ्यात खाली, एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं. चित्रकलेचे मास्तर होते, असं त्यांच्या पानावर दिसत होतं. 'त्या एक्केचाळिसांपैकी एक आमच्या घरी आला होता. हात माझ्या बायकोचे. मला साहेबांना काही विचारायचं नाही. लिहिणाऱ्या बाईंना विचारायचं आहे. तुम्ही कागदावर लिहिलंत. मग घरी गेलात का?'

बाईंनी लॅपटॉप खाडकन मिटला. हा कोण मला विचारणारा? माझी चूक असती तर मी लिहिलं असतं का? माझं काम लिहिण्याचं होतं, ते मी केलं. दोन दिवस त्या भांडी आपटत होत्या आणि मनातल्या मनात मास्तरांना उत्तरं देत होत्या. एकदा उत्तर लिहिलंही, पाच ओळींचं, नियमांवर बोट ठेवून. आणि पुसलं.

कारण तो मंगळवार त्यांना नीट आठवत होता. ट्रेपासून साहेबांची केबिन दहा पावलांवर. दार उघडं. साहेब आत फोनवर खिदळत होते. बाई तक्ता हातात घेऊन क्षणभर थांबल्या होत्या. आत जाऊन टेबलावर थाप मारावी, असं मनात आलंही होतं. मग दुसरं मनात आलं: कशाला? नऊ वर्षं वाचत नाही हा माणूस, एकदा तोंडघशी पडू दे, चांगली अद्दल घडू दे. आणि तक्ता ट्रेमध्ये ठेवून त्यांनी पर्स उचलली होती.

शनिवारी दुपारी त्यांनी मास्तरांच्या प्रश्नाखाली लिहिलं, 'हो. घरी गेले. साहेब वाचत नाहीत हे मला माहीत होतं. ते एकदा तोंडघशी पडावेत असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही. तुमच्या घराचा विचार माझ्या मनात आला नाही.'

धाकटीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "ताई, सोमवार तोंडावर आलाय. तुझ्या नावानिशी आहे हे. पूस."

"असू दे."

"अगं, आठ महिने घरात बसलीस तू."

"ती किती महिने बसली असेल?" बाई म्हणाल्या.

तासाभराने म्हाताऱ्या तपासणीप्रमुखांचा फोन आला. ते स्वतःच बोलत होते.

"तुमची शिफारस मी आज वाचली, बाई. तुमची आणि तुमच्या साहेबांची, दोन्ही. आणि खालचं तुमचं उत्तरही वाचलं. सोमवारी येऊ नका."

"मी खरं लिहिलंय," बाई म्हणाल्या. आवाज चढलाच.

"म्हणूनच सांगतोय. न वाचणारे आमच्याकडे आहेत. लिहून घरी जाणारेही पुष्कळ आहेत. मला तिसरं माणूस हवं होतं, तुम्ही ते आहात असं वाटलं होतं."

बाईंच्या जिभेवर दहा उत्तरं आली. चोख, झोंबणारी, आठ महिने धार लावून ठेवलेली. त्यातलं एकही म्हाताऱ्यांना लागू पडत नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी कुणावर भडकावं म्हणून खोलीभर पाहिलं. धाकटी समोर बसली होती, तिने तर सगळं त्यांच्या भल्यासाठीच केलं होतं.

"आता तरी पुसतेस का?" धाकटीने हळूच विचारलं. "नोकरी तर गेलीच. पुढच्या ठिकाणी तरी दिसायला नको."

"नाही," बाई म्हणाल्या. "मास्तरांनी अजून वाचलेलं नाही."