लाल रेषेखालचे पाणी

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. जुनी म्हणजे नेमकी किती, ते सांगता येणार नाही. माझ्या बुडाशी उमटवलेला आकडा केव्हाच झिजला, आणि पुराव्याशिवाय बोलण्याची मला सवय नाही. एका कारखान्यात सपाट पत्र्याला गोल वळवून, सांध्यावर ठोकून, वितळलेल्या जस्तात बुडवून मला घडवले. कडेला दोन कान बसले, कानांत कडी अडकली आणि मी पाणी धरू लागले. मित्रांनो, बादलीचा स्वतःचा गुण एवढाच. बाकी जो काही मान मिळाला, तो एका लहानशा पागेत मिळाला.

या पागेतले घोडे पागेचे नव्हते. ज्यांच्या घरी घोडा ठेवायला जागा नाही, असे लोक आपले घोडे येथे सांभाळायला ठेवत आणि सवडीने येऊन फिरवून नेत. मालकिणीला सगळे मावशी म्हणत. प्रत्येक घोड्याचे एक ठाण आणि प्रत्येक ठाणात एक बादली. माझ्या वाट्याला कोपऱ्यातले ठाण आले.

पहिल्याच दिवशी मावशींनी माझ्या आत लाल रंगाची एक रेषा ओढली. संध्याकाळी त्या रेषेपर्यंत पाणी भरत. सकाळी ते ओतून देण्यापूर्वी वाकून, रेषेपासून पाण्यापर्यंत बोटे लावून बघत. घोडा रात्रभरात किती प्याला, हे त्यांना असे कळे. घोडा बोलत नाही. पण बोलला असता, तरी मावशींनी मलाच विचारले असते.

नवे कोणी पागा बघायला आले, की ते छप्पर बघत, दारांचा रंग बघत. मावशी एकच प्रश्न विचारत, "तुमचा घोडा पाणी कसं पितो?"

"तोंडाने!" असे म्हणून कोणी हसले, की मावशी नम्रपणे म्हणत, "जागा नाही हो." जो खरोखर सांगू लागे, त्याला ठाण मिळे. चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर तर इतका वेळ सांगत राहिले, की त्यांच्यासमोरचा चहा गार झाला. त्यांच्या म्हाताऱ्या घोड्याला आम्ही पेन्शनर म्हणत असू.

पण चांगली माणसेही गाव सोडतात, थकतात. हळूहळू ठाणे रिकामी झाली. माझ्यात एका कोळ्याने संसार थाटला. मग एके दिवशी, पागेचा व्यवहार बघणारा मावशींचा धाकटा भाऊ बोललाच.

"ताई, निम्मी पागा ओस पडलीय. वर्षअखेरपर्यंत ठाणं भरली नाहीत, तर कुलूप लावावं लागेल. मग पेन्शनरला काय तुझ्या स्वयंपाकघरात बांधणार? मोठ्या पागेत आपोआप भरणाऱ्या कुंड्या आहेत. आपल्याकडे बादल्या बघून लोक नाक मुरडतात."

"अरे, पण..."

"पण-बिण काही नाही. आणि तो तुझा प्रश्न बंद कर. गिऱ्हाईक पळतं त्याने."

मावशींनी ऐकले. कुंड्या बसल्या. घोड्याने नाकाने कुंडीतली पट्टी दाबली, की पाणी येई. मला वैरणीच्या खोलीच्या दाराशी पालथे घातले, आणि भाऊ माझ्यावर बसून फोनवर बोलू लागला. न्यायाने सांगायचे, तर त्या कुंड्या वाईट नव्हत्या. पेन्शनर मजेत पीत होता. नवे लोकही येऊ लागले. माझ्या कोपऱ्यात दातांच्या एका डॉक्टरीणबाईंची राखाडी घोडी आली.

पट्टी दाबली, की कुंडी फुस्स असा आवाज करी. घोडी दचके आणि मागे सरे. पुढे तर ती नावापुरते ओठ ओले करू लागली. हे मला समोरून दिसत होते. पण पालथ्या बादलीला कोण विचारतो? मावशी आणि भाऊ रोज डोकावत. कुंडी भरलेली दिसे. ते निश्चिंत होत. मित्रांनो, भरलेले भांडे पाणी असल्याचा पुरावा आहे, प्यायल्याचा नव्हे.

एका सकाळी घोडीने वैरणीला तोंड लावले नाही. ती खुराने जमीन उकरू लागली, मान वळवून पोटाकडे बघू लागली. पशुवैद्य आले. त्यांनी पोटाला कान लावला, हिरडीवर बोट फिरवले. हिरडी कोरडी होती.

"चारा सुकून आत अडकलाय. मावशी, काल पाणी किती प्याली?"

मावशींनी कुंडीकडे पाहिले, मग भावाकडे. कोणालाच ठाऊक नव्हते.

पशुवैद्यांनी नाकातून नळी घालून पोटात औषध सोडले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता हिने आपणहून प्यायला हवं."

मावशी तडक माझ्याकडे आल्या. मला उचलले, घासले, कोमट पाणी भरून घोडीपुढे ठेवले. तिने माझ्यात एकदा फुर्र केले. मग ती पिऊ लागली. पाणी लाल रेषेखाली उतरले, आणखी उतरले.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दवाखान्यातून धावत आल्या. भाऊ कुजबुजला, "ताई, हवा बदलली म्हण. या बाई घोडी घेऊन गेल्या, की त्यांच्यामागे सगळेच जातील."

मावशी म्हणाल्या, "बाई, घोडी नीट पाणी पीत नव्हती. कुंडी भरलेली दिसायची, म्हणून आम्ही गाफील राहिलो. चूक आमची. तिला न्यायचं असेल, तर मी अडवणार नाही."

"अहो, ती नळाच्या आवाजालाही बुजते!" बाई कडाडल्या. "मला कोणी विचारलं असतं, तर सांगितलं नसतं का?"

"पूर्वी मी सगळ्यांना विचारायचे. तुम्हाला नाही विचारलं."

बाई बराच वेळ घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, 'डॉक्टर, दोन्ही वेळा दात घासतो.' आपण होऊन चूक कबूल करणारं माणूस मला आज भेटलं. घोडी इथेच राहील. आता विचारा काय विचारायचं ते."

मावशींनी विचारले. त्या दिवशीही चहा गार झाला.

घोडी बरी झाली. कुंड्या बाहेरच्या मोकळ्या आवारात गेल्या, ठाणांत आम्ही परतलो. डॉक्टरीणबाई आता दाढ तपासताना पागेचे गुणगान करतात. तोंड उघडे असल्यामुळे समोरच्याला ऐकून घ्यावे लागते. त्यातून दोन घोडे आले. एक ठाण अजून रिकामे आहे. परवा एक रुबाबदार गृहस्थ ते बघायला आले, तेव्हा मावशी आत होत्या. भावाने स्वतःच विचारले, "तुमचा घोडा पाणी कसं पितो?"

"तोंडाने!" गृहस्थ हसले.

भाऊ रिकाम्या ठाणापुढे उभा होता. त्याने एकदा मागे पाहिले आणि तो म्हणाला, "जागा नाही हो."

मित्रांनो, एका घोडीवरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणते. म्हणून माझी विनंती लहानच आहे. ज्याचा सांभाळ तुमच्याकडे आहे, त्याचे भांडे पुन्हा भरण्यापूर्वी एकदा वाकून आत बघा. आज पाणी रेषेच्या चांगले चार बोटे खाली आहे. मावशींची पावले वाजत आहेत. त्यांना सांगायला माझ्यापाशी चांगली बातमी आहे.