दिगंबररावांचं नवं नाव

चोपन्नाव्या वर्षी नवीन नोकरी धरणं म्हणजे काय, हे ज्याला धरावी लागते त्यालाच ठाऊक! दिगंबरराव सान्यांची जुनी कंपनी गुजरातेत गेली आणि दिगंबरराव कर्वेनगरात राहिले. त्यांना बोलायला माणसं लागत, आणि पुढचे चार महिने ती माणसं घरचीच होती. त्यामुळे वाघोलीच्या एका पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळाली, तेव्हा त्यांच्यापेक्षा घरच्यांनाच जास्त हायसं वाटलं.

मालकीणबाई पूर्णिमाताईंनी पहिल्याच दिवशी अट घातली. "आमच्याकडे बावीस माणसं आहेत. त्यातल्या नऊ जणांना ऐकू येत नाही. तीन महिन्यांत तुम्ही त्यांची सांकेतिक भाषा शिकायची. क्लास तुमच्या कर्वेनगरातच आहे. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार."

"शिकतो की! गणेशोत्सवात नाटकं केलीत मी," दिगंबरराव म्हणाले.

माणूस चौकस, हे मात्र कबूल करायलाच हवं. पहिल्या दिवशी कारखान्यातले दिवे दोनदा लुकलुकले, तर हे इन्व्हर्टर शोधत निघाले! मग कळलं, इथे कुणाला हाक मारायची तर दिव्याचं बटण खालीवर करतात. जेवायची टेबलं गोल, कारण लांबट टेबलावर टोकाच्या माणसाचे हात दिसत नाहीत. दोघं हातांनी बोलत असतील तर मधून सरळ चालत जायचं. दिगंबरराव कमरेत वाकून "सॉरी, सॉरी" करत रेंगाळत जायचे आणि त्यामुळेच बोलणं तुटायचं. हे असं का, ते तसं का, असं विचारून त्यांनी साईला भंडावून सोडलं. साई ऑफिसातला, ऐकू येणारा, पण हातांनी सफाईदार बोलणारा.

सगळ्यात कुतूहल वाटलं ते नावांचं. इथे प्रत्येकाला हाताच्या खुणेचं एक नाव होतं. चष्मा कपाळावर ढकलला की पूर्णिमाताई. गालावर बोट टेकवलं की द्वारका, कारण तिच्या गालाला खळी पडते. अकरा वर्षं ती कटिंग मशीनवर होती आणि तिच्या हातचं खोकं कधी परत आलं नव्हतं.

आपल्यालाही असं नाव हवं, असं दिगंबररावांनी ठरवलं. ठरवलं कसलं, करूनच टाकलं! एका दुपारी डबा खाता खाता त्यांनी मिशीला पीळ दिला, छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांकडे ऐटीत बघितलं. नऊच्या नऊ जण घास हातात धरून बघत राहिले.

"काका, आपलं नाव आपण ठेवायचं नसतं," साई हळूच म्हणाला. "ते हे लोक ठेवतात. तुम्हाला ओळखायला लागले की मिळेल. धीर धरा."

क्लास मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असे. सत्यशीला मॅडम जन्मापासून ऐकू न येणाऱ्या, पण अस्सल पुणेकर. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, "इथे तोंड फक्त जांभईसाठी उघडावे. शक्यतो तीही घरी द्यावी." दिगंबररावांना बाई एकदम पसंत पडल्या. पाणी, चहा, उद्या, काल, वजन, ट्रक, असे शब्द भराभर येऊ लागले.

पण शब्द आले म्हणून रीत येते असं थोडंच आहे? मधल्या सुट्टीत दिगंबररावांचे किस्से रंगत आणि ऐकू येणारी मंडळी खो खो हसत. मग द्वारका टेबलावर थाप मारून भुवया उंचावत विचारी, काय झालं? दिगंबरराव कानाजवळून हात उडवत. नंतर सांगतो! मनात वाईट काही नव्हतं हो. हातांनी सांगायचं तर वेळ लागायचा, सुचायचं नाही, तोवर रंगलेला किस्सा निवून जायचा. आणि पुढचा किस्सा तर जिभेवर तयारच असायचा!

एका गुरुवारी त्यांनी चहाच्या वेळी तोंडीच जाहीर केलं, "नवीन कटिंग मशीन येतंय. लोणी काळभोरला चार दिवसांचं ट्रेनिंग आहे. आपल्याकडून दोघं जातील. ज्यांना जायचंय त्यांनी उद्या संध्याकाळपर्यंत नाव द्या." घोळका बघून द्वारका मशीन बंद करून आली. काय झालं? दिगंबररावांनी सवयीने हात उडवला आणि ते ट्रकमधला माल उतरवून घ्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी जेवताना गेनबाने टेबलावर थाप मारली. गेनबा ऐकू न येणाऱ्यांमधला सर्वांत वयस्कर. त्याने दिगंबररावांकडे बोट दाखवलं आणि कानाजवळून हात हवेत उडवला. बाकीच्यांनी हसत हसत तीच खूण केली. नाव मिळालं! दिगंबररावांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी लगोलग बायकोला फोन केला, "मी त्यांच्यातला झालो बरं का!"

संध्याकाळी क्लासात त्यांनी ती खूण मोठ्या दिमाखात करून दाखवली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "कामात आहात असं समजा. मी तुम्हाला विचारते, काय झालं? उत्तर द्या."

दिगंबररावांचा हात कानाजवळ गेला, हवेत उडाला आणि तिथेच थांबला. अरे देवा! ही तर आपलीच लकब! मंडळींनी आपलं नाव 'नंतर सांगतो' ठेवलं!

"चिडू नका," मॅडमनी लिहिलं. "नाव चुकीचं नाही ना? मग विचार करा. लग्नात सगळे हसतात, आम्ही विचारतो, उत्तर येतं 'नंतर'. डॉक्टर दहा मिनिटं माझ्या भावाशी बोलतात आणि मला एवढंच कळतं, 'काही नाही, गोळ्या घे.' ते नंतर कधी येत नाही हो."

दिगंबररावांनी खडू घेतला. "माझी भाषा कच्ची आहे. नीट सांगता येत नाही म्हणून टाळतो."

मॅडमनी त्याखाली लिहिलं, "नीट सांगायचं असतं, की लवकर उरकायचं असतं?"

दिगंबररावांनी 'उरकायचं' हा शब्द पुन्हा वाचला. तेवढ्यात त्यांना आठवलं, ट्रेनिंग! द्वारकेला सांगितलंच नाही, आणि मुदत तर आज संध्याकाळीच संपली!

शनिवारी सकाळी ते पूर्णिमाताईंच्या टेबलापुढे उभे राहिले. तीन महिने संपायला नऊ दिवस उरले होते. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ते म्हणाले, "अकरा वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला मी विचारलंच नाही. चूक सर्वस्वी माझी."

"तेजसचं आणि सृष्टीचं नाव कालच पाठवलं," पूर्णिमाताई म्हणाल्या. "मला वाटलं, द्वारकेला जायचं नसेल. मनातून वाईटही वाटलं होतं." त्यांनी लोणीला फोन लावला. तिसरी जागा मिळत होती. "पण तिथले सर तोंडाने शिकवणार. द्वारकेला सांगणार कोण? साईला मी चार दिवस सोडू शकत नाही."

"मी सांगेन."

"तुम्ही? अहो, तुमची भाषा अजून चहा मागण्यापुरती आहे!"

द्वारकेला बोलावलं. दिगंबररावांनी तिच्यासमोर उभं राहून अडखळत, चुकत, पुन्हा सुरुवात करत सगळं तिला हातांनी सांगितलं. शेवटी स्वतःकडे बोट दाखवून 'चूक' ही खूण केली. द्वारकेचा चेहरा लाल झाला. तिचे हात सपासप चालू लागले. एवढ्या वेगात दिगंबररावांना दोनच शब्द कळले, अकरा वर्षं. खूप लाज वाटली, तरी त्यांनी नजर हलवली नाही.

मग पूर्णिमाताईंनी तिला हातांनी विचारलं, यांची भाषा कच्ची आहे, चालेल?

द्वारकेने सावकाश, दिगंबररावांना कळेल अशा खुणा केल्या. "कच्चं चालेल. नंतर नको."

लोणीच्या हॉलमध्ये दिगंबरराव सरांच्या शेजारी, द्वारकेकडे तोंड करून बसले. अडलं तिथे चित्र काढलं, बटणाकडे बोट दाखवलं, संध्याकाळी खांदे भरून आले. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षक हिंमतराव सरांनी एक विनोद केला. सगळा हॉल हसला आणि द्वारकेने भुवया उंचावल्या. काय झालं?

दिगंबररावांचा हात कानाकडे निघालाच होता! तो त्यांनी खाली आणला. "सर, एक मिनिट थांबा. यांना सांगायचंय." मिनिटाची तीन मिनिटं झाली. दिगंबरराव विनोदातला नवरा झाले, बायको झाले, बिघडलेला मिक्सरही झाले. पंधरा-वीस माणसं ताटकळत बघत होती. द्वारकेने सगळं नीट बघून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

दिगंबररावांनी तेही मोठ्याने सरांना सांगितलं, आणि हॉल पहिल्यापेक्षा जास्त हसला. खुद्द हिंमतराव सरही हसले. विनोद खरंच पाणचट होता. पण तो पाणचट आहे हे आज द्वारकेने स्वतः ठरवलं, आजवर तिच्या वतीने दुसरेच ठरवत होते.

द्वारका आता नव्या मशीनवर आहे. दिगंबररावांची नोकरी पक्की झाली. नाव बदलाल का, म्हणून त्यांनी गेनबाला विचारून पाहिलं. नाही, एकदा ठेवलेलं नाव बदलत नाही! दिवसातून चाळीस वेळा लोक त्यांना त्याच खुणेने हाक मारतात, आणि चाळीस वेळा दिगंबरराव हातातलं काम ठेवून समोर येऊन उभे राहतात.

वाचकहो, आपल्या घरातही जेवताना सगळे हसतात आणि कमी ऐकू येणारे आजोबा विचारतात, "काय म्हणाला रे?" ऑफिसात नव्याने आलेला, आपली भाषा न कळणारा एखादा विचारतो, "काय झालं?" त्या वेळी आपण काय म्हणतो, हे ज्याने त्याने आठवावं. ज्याला आपण 'नंतर' म्हणतो, त्याला आपल्यातच बसवून आपण बाहेर ठेवलेलं असतं. तेव्हा मोडकंतोडकं का होईना, पण सांगा. आणि आत्ताच सांगा!